निर्मनुष्य किनारा आणि परतीची बोट

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि एका माध्यमिक शाळेत शिकवते. येत्या जानेवारीत आमच्या लग्नाला पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने मिस्टर, मी आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा असे तिघे नऊ-दहा दिवस एखाद्या बेटावर जायचे ठरवत आहोत. अलिबाग, गणपतीपुळे, गोवा सगळे झाले. गर्दीचा आता वीट आला आहे. माणसाचे पाऊल न पडलेला, पांढऱ्या वाळूचा किनारा आयुष्यात एकदा तरी पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. अंदमान, लक्षद्वीप की मालदीव, हेच ठरत नाही. ओळखीचे एक एजंट म्हणतात की, जिथे पर्यटकांना नेत नाहीत अशा बेटावर मच्छीमारांच्या बोटीतून ते गुपचूप नेतील. मुलगा त्यावर भलताच खूश आहे. मिस्टरांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, आता प्रकृती उत्तम आहे. जाता जाता एक : सासूबाईंनी देवघरासाठी शंख आणायला सांगितला आहे. तो किनाऱ्यावर सापडेल ना?

उत्तर : ताई, पंचवीस वर्षांबद्दल आपणा दोघांचे मनापासून अभिनंदन. आपण विचारले आहे की कुठे जावे. पण त्याआधी कुठे जाऊ नये, ते सांगतो, कारण आपल्या पत्रातील एजंटाच्या वाक्याने मला खरोखर काळजीत टाकले आहे.

अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटे आहेत आणि त्यांतील मोजकीच पर्यटकांसाठी खुली आहेत. बाकीच्या बेटांपैकी काही वनखात्याच्या अखत्यारीत आहेत, काही संरक्षण दलांच्या, आणि काही तेथील मूळ आदिवासींची आहेत. आदिवासी भागांना 1956 च्या एका विनियमाने संरक्षण दिलेले असून तेथे परवानगीशिवाय पाऊल ठेवणे हा गुन्हा आहे. नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या भोवतालच्या समुद्रात तर पाच सागरी मैलांच्या आत जायलाही बंदी आहे. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये एक अमेरिकन तरुण मच्छीमारांना पैसे देऊन तिथे उतरला आणि मारला गेला. त्याला नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. ही बंदी आपल्याच जिवासाठी आहे, असे आपल्याला वाटते. पण ती मुख्यतः तेथील आदिवासींच्या जिवासाठी आहे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या गोवरासारख्या रोगांनी ग्रेट अंदमानी लोकांची संख्या काही हजारांवरून अखेर काही डझनांवर आणली. आपल्याला जे साधे पडसे वाटते, ते प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत साथ होऊन पसरू शकते. निकोबारचेही तेच : सर्वसाधारण भारतीय पर्यटकाला तिकडे सहज जाता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तेव्हा त्या एजंटांना स्पष्ट नकार द्यावा. चिरंजीवांची समजूत घालण्याचे काम मात्र आपल्याकडेच राहील.

म्हणजे ‘पाऊल न पडलेला’ हा शब्द आपल्याला सोडावा लागेल. जिथे आपल्याला कायद्याने जाता येते, तिथे आपल्याआधी कोणीतरी गेलेलेच असते. मात्र ‘एकांत’ मिळू शकतो आणि तो मोजायचे माझे माप किलोमीटर नाही. पोर्ट ब्लेअरला विमानातून उतरल्यावर पुढे किती बोटी बदलाव्या लागतात आणि शेवटची बोट चुकली तर दुसरी कधी मिळते, हे ते माप. पहिल्या बोटीच्या टप्प्यात सगळा महाराष्ट्र भेटतो. दुसऱ्या बोटीनंतर माणसे विरळ होतात. तिसऱ्या टप्प्याला किनारा जवळजवळ आपलाच असतो, पण तिथे डॉक्टरही लांब असतो, आणि अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाबरोबर जाताना ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यावी लागते.

या मापाने आपल्या तीन पर्यायांकडे पाहू. लक्षद्वीपमध्ये 36 बेटे असून फक्त दहा वस्तीची आहेत आणि सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ जेमतेम 32 चौरस किलोमीटर आहे. प्रवाळाच्या कड्याने वेढलेले तेथील उथळ, हिरवट-निळे पाणी मी पाहिलेल्या सगळ्या पाण्यांत सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु तिथे जाण्यासाठी आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, जहाजाने गेल्यास कोचीपासून चौदा ते अठरा तास लागतात आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. शिवाय तेथील गोड्या पाण्याची गंमत (की व्यथा म्हणावी?) समजून घेण्यासारखी आहे. प्रवाळी बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खालच्या खाऱ्या पाण्यावर हलके म्हणून तरंगत राहते आणि त्या पातळ थरातून विहिरी भरतात. उपसा जास्त झाला की खालून खारे पाणी वर येते. दारणा-गंगापूरच्या धरणांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना दोन बादल्यांची आंघोळ म्हणजे काहीच वाटत नाही. तिथे ती बेटाच्या शिल्लकीतून खर्च होते. लक्षद्वीपला जरूर जावे, पण परवाना हातात आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये, आणि या खेपेला तरी आपण तो बेत मागे ठेवावा असे मला वाटते.

मालदीव सोपा आहे. भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी व्यवस्था असल्याने गर्दीही नसते. मात्र तो एकांत विकत घेतलेला असतो. पहाटे कोणीतरी वाळूवर दाताळे फिरवून रात्रीचा कचरा उचलून ठेवतो, तेव्हा आपल्याला किनारा ‘अस्पर्श’ दिसतो. आपल्या पत्राचा सूर पाहता त्यात आपले मन रमणार नाही.

राहिले अंदमान. भगूरच्या सावरकरांमुळे आपल्या जिल्ह्याचे त्या बेटांशी नाते जुने आहे. 1911 ते 1921 ही दहा वर्षे ते सेल्युलर जेलमध्ये होते आणि तिथे गेलेला नाशिककर थोडा वेळ तरी गप्प होतोच. पण बहुतेक सहली जेल, रॉस बेट, हॅवलॉकचा राधानगर किनारा आणि नीलची चार तासांची धावती फेरी एवढ्यावर आटोपतात. हॅवलॉकला आता स्वराज द्वीप, नीलला शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात. तिकिटांवर नवी नावे असतात आणि लोकांच्या तोंडी जुनी, एवढे ध्यानात ठेवावे.

माझा सल्ला असा की, जिथे लोक चार तास थांबतात तिथे आपण तीन रात्री राहावे. ते बेट म्हणजे नील. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या बेटावर किनाऱ्यांची आणि वाड्यांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी आहेत. पंचवटीच्या माणसाला पत्ता विचारताना क्षणभर आपण गावातच आहोत असे वाटते. दुपारच्या बोटीने एकदिवसीय पर्यटक परत गेले की बेट ओसरते आणि सीतापूरला सूर्योदय पाहायला पहाटे आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्यावर आमच्याशिवाय एक कुत्रा होता. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : घड्याळ आपलेच असले तरी अंदमान नाशिकच्या पूर्वेला बरेच दूर असल्याने जानेवारीत सूर्य सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास मावळतो. आपण नाशिककर चारच्या चहानंतर बाहेर पडतो. तिथे तसे केले तर अंधारच पाहायला मिळेल. दिवस पहाटे पाचलाच सुरू करावा.

नीलनंतर हॅवलॉकला एक रात्र करावी. राधानगरला गर्दी असली तरी तो पाहू नये असे म्हणण्याचा कोरडेपणा माझ्याने होणार नाही. तिथून लाँग आयलंडला जावे. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक आणि लाँग आयलंड करत पुढे रंगतकडे जाणारी सरकारी बोट ठरावीक दिवशी असते. लाँग आयलंडवर छोटेसे गाव आहे, वाहनांची वर्दळ जवळजवळ नाही, राहण्याची सोय मोजकी आणि साधी आहे. बेटाच्या पलीकडच्या अंगाला लालाजी बे नावाची पुळण आहे. तिथे जंगलातल्या पायवाटेने काही तास चालत किंवा स्थानिक होडीने जाता येते आणि आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. मिस्टरांनी होडीने जावे, चिरंजीवांना पायवाटेने पाठवावे. बंदी असलेल्या बेटाच्या मोहावर तो चांगला उतारा आहे. आपल्या मनातील किनाऱ्याच्या सर्वांत जवळ जाणारे, कायदेशीर आणि तरीही त्यातल्या त्यात झेपण्याजोगे ठिकाण मला हेच दिसते. लिटल अंदमान याहून एकांताचे आहे, परंतु पोर्ट ब्लेअरहून सरकारी जहाजाने साधारण सहा ते आठ तास लागतात. उत्तरेकडे दिगलीपूरजवळ रॉस (वर सांगितलेले रॉस बेट वेगळे) आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जोडबेटे आहेत. भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो आणि ओहोटीला दोन समुद्रांमधून चालता येते. दृश्य विलक्षण आहे, पण रस्त्याने जवळजवळ पूर्ण दिवस जातो आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ताफ्याने सोडतात, थांबायला आणि छायाचित्रे काढायला बंदी असते. तरीही खिडकीला नाक लावून माणसे ‘दिसतात का’ म्हणून शोधणारे सहप्रवासी मी पाहिले आहेत आणि मान खाली घातली आहे. समुद्रमार्गाने जाता येत असेल तर तो रस्ता टाळावा, हे माझे वैयक्तिक मत.

लाँग आयलंडला जायचे की नाही, हे मिस्टरांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, आणि मध्ये समुद्र आहे. ‘छातीत दुखले तर मी रुग्णालयापासून काही तासांच्या बोटीइतका दूर असेन, चालेल का?’ असा थेट प्रश्न विचारावा. ‘अंदमानला जाऊ का?’ असे विचारले तर डॉक्टर हसून हो म्हणतील. स्कूबा डायव्हिंगच्या अर्जात हृदयविकाराचा रकाना असतो, तो लपवू नये. डॉक्टर नको म्हणाले, तर नीलवरच पाच रात्री काढाव्यात. आपले काही चुकणार नाही.

आता परतीविषयी, कारण तिथेच मी स्वतः फसलो होतो. नीलहून ज्या सकाळी परतायचे, त्याच दुपारी पोर्ट ब्लेअरहून विमान, असे आम्ही मोठ्या हुशारीने जुळवले होते. आदल्या रात्री वारा सुटला, सकाळी जेटीवर ‘आज बोट नाही’ असा हाताने लिहिलेला कागद दिसला आणि पुढचे दोन दिवस आम्ही त्याच कागदापुढे उभे राहून काढले. विमान गेले, पैसे गेले, कंपनीने हात वर केले. आमच्याबरोबर पुण्याचे एक आजोबा होते, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवलेल्या मोठ्या बॅगेत होत्या. आमचा प्रसंग किरकोळच. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. जानेवारी ते एप्रिल हा काळ तुलनेने शांत असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस पहिल्यांदा अंदमानलाच पोहोचतो, हे आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतोच. तरीही शेवटच्या बेटावरून परतल्यावर विमानापूर्वी एक पूर्ण दिवस आणि शक्य असल्यास दोन दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळे ठेवावेत. जेल तेव्हा पाहावे, म्हणजे दिवस फुकट गेला असे वाटणार नाही. गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्याव्यात आणि खांद्यावरच्या पिशवीत ठेवाव्यात. रोख पैसेही पुरेसे जवळ ठेवावेत. 2020 मध्ये चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाल्यापासून फोनची परिस्थिती सुधारली आहे. तरी छोट्या बेटावर ‘पैसे फोनवरून देतो’ या भरवशावर राहू नये.

समुद्राविषयी दोन गोष्टी घरी बसून तिघांनी समजून घ्याव्यात. गर्दीच्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतो. निर्मनुष्य किनाऱ्यावर नसतो, आणि गंगापूर धरणात पोहता येणे हे समुद्रात उपयोगी पडेलच असे नाही. लाटा किनाऱ्यावर आणतात ते पाणी कुठून तरी परत जावे लागते आणि ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढ घेते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, त्यामुळे अनोळखी माणसाला तीच जागा सर्वांत शांत वाटते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मग वळावे. दुसरी गोष्ट मगरींची. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि 2010 मध्ये हॅवलॉकजवळ पाण्यात उतरलेल्या एका परदेशी तरुणीचा त्यात जीव गेला. जिथे खारफुटी आहे किंवा ओढा समुद्राला मिळतो, तिथे पाण्यात उतरू नये, विशेषतः अंधार पडताना. फलक नसला तरी गावकऱ्याला विचारावे; तो नको म्हणाला की विषय संपला. त्यामानाने वाळूतल्या चावऱ्या माश्या क्षुल्लक, पण आठ दिवस खाजवत बसायला लावतात. उघड्या वाळूवर लोळू नये आणि पायांना खोबरेल चोपडावे.

वाळूचा विषय निघालाच आहे, तर आपण शिक्षिका आहात म्हणून सांगतो : शाळेतले एक भिंग बरोबर न्यावे. आपल्या कोकणातली बरीचशी वाळू काळपट, कारण ती सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा चुरा. नीलची चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन मी भिंगाखाली पाहिली, तर त्यात दगड जवळपास नव्हताच. प्रवाळाचे सच्छिद्र तुकडे, शिंपल्यांच्या कडा, एक गुलाबी कण, एक सुईसारखा काटा. यातली बरीच वाळू पोपटमासा नावाचा मासा करतो. तो खडकावरची शेवाळे खरवडताना प्रवाळही चावतो, पोटात दळतो आणि पांढरी पूड मागे टाकतो. एक मोठा मासा वर्षाला काही क्विंटल वाळू करू शकतो. प्रवाळ मेले की मासा गेला, मासा गेला की वाळू आटली, असा हा हिशेब आहे. आणि समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याच्या मोठ्या घटना 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये घडल्या आहेत. म्हणून पाण्यात प्रवाळावर उभे राहू नये. उन्हासाठी लावलेली मलमेही पाण्यात उतरून प्रवाळाला बाधू शकतात, त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा.

आणखी एका गोष्टीची तयारी असू द्यावी. एकांतातला किनारा स्वच्छ असेलच असे नाही. उलट तिथे झाडणारे कोणी नसल्याने समुद्राने आणून टाकलेले सगळे तसेच पडून असते. अंदमान-निकोबारच्या निर्जन किनाऱ्यांवर थायलंड, म्यानमार, इंडोनेशियाच्या छापाच्या बाटल्या सापडतात. एका संध्याकाळी आमच्या पायाजवळून निळ्या रंगाचे एक बूच चालत गेले. वाकून पाहिले, तर दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा तो छोटा खेकडा. त्याला शंख मिळाला नव्हता म्हणून त्याने बाटलीचे बूच अंगावर घेतले होते. बूच त्याला धड पुरतही नव्हते, अर्धे पोट उघडेच होते.

चिरंजीव रील करणारच, त्यांना अडवू नये. फक्त ठिकाणाचा नेमका नकाशा जोडू नये, एवढे सांगावे. हरिहर गडाच्या पायऱ्यांचे गर्दीने काय झाले ते त्यांनी पाहिलेच असेल. थायलंडमधील माया बे नावाची खाडी एका चित्रपटामुळे जगभर गाजली, दिवसाला हजारो माणसे येऊ लागली, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडले आणि अखेर 2018 मध्ये सरकारने ती बंद केली. 2022 च्या जानेवारीत उघडली, तोवर छोटे शार्क मासे परत आले होते. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूला थांबतात.

राहिला सासूबाईंचा शंख. किनाऱ्यावरचा शंख, शिंपला, प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नये. प्रवाळ आणि अनेक शंखांच्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगा तपासून ते काढून घेतात. त्या बूच घातलेल्या खेकड्याची आठवण आहेच. शोभेची वस्तू हवी असेल तर ‘सागरिका’ या सरकारी विक्री केंद्रातून पावतीसह घ्यावी आणि पावती हातात ठेवावी. पण पूजेचा शंख मुळात मुख्यत्वे तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातातला, अंदमानचा नव्हे. तो रामकुंडाच्या आसपासच्या पूजासाहित्याच्या दुकानांत मिळतो. निघण्याआधीच घेऊन सासूबाईंच्या हाती द्यावा, म्हणजे आपण परत येईपर्यंत त्याची पूजाही सुरू झालेली असेल.